२० सेंटिमीटर: झेन, सँट्रो आणि मागच्या सीटचा प्रश्न

जुन्या गाड्यांचं वेड असलेल्या कोणालाही विचारा, 'झेन की सँट्रो?' उत्तर यायला एक सेकंदही लागत नाही. झेन. आणि वर असा चेहरा, की यात विचारण्यासारखं काय आहे? झेन पळायची. झेन वळणाला चिकटून राहायची. झेनचं इंजिन म्हणजे शिलाई मशीन. आणि सँट्रो? ती काकांची गाडी. बँकेतून रिटायर झालेल्या, रविवारी सकाळी भाजी आणायला निघालेल्या काकांची.

मला हे उत्तर खोटं वाटत नाही, अर्धवट वाटतं. दोन्ही गाड्या मी भरपूर चालवल्यात. आमच्या घरी पहिल्या पिढीतली सेकंडहँड सँट्रो बरीच वर्षं होती, आणि कॉलेजपासूनच्या एका मित्राकडे कार्ब्युरेटरवाली झेन आहे, अजूनही चालती. मेकॅनिकलची डिग्री घेऊन सॉफ्टवेअरमध्ये गेलेल्या पुण्यातल्या असंख्य पोरांपैकी मी एक. गाड्या बनवायचं राहून गेलं, पण गाड्यांकडे बघायची सवय गेली नाही. तेव्हा या दोघींना एकदा नीट समोरासमोर उभं करू. आणि ते करताना एक प्रश्न हातात ठेवू, जो गाड्यांच्या रिव्ह्यूमध्ये फारसा विचारला जात नाही: परफॉर्मन्स कोणासाठी? आणि सोय कोणाची?

कागदावर

आधी ओळखपरेड. झेन १९९३ साली आली. जपानमधल्या सुझुकी सर्व्हो मोड या छोट्या गाडीवरून बेतलेली, पण इंजिन मोठं: ९९३ सीसी, चार सिलिंडर, पूर्ण अ‍ॅल्युमिनियमचं. मारुती ८०० ला चार गिअर होते, हिला पाच. इथे बनलेली झेन 'अल्टो' या नावाने युरोपातही विकली गेली. गोलसर, बुटकी, चारही चाकं कोपऱ्यात असलेली ही गाडी आजही जुनाट दिसत नाही.

सँट्रो आली १९९८ च्या सप्टेंबरात. ह्युंदाई हे नाव तेव्हा इथे कोणाला नीट उच्चारताही येत नव्हतं, म्हणून जाहिरातीत शाहरुख खान आणला. कंपनीच्या अ‍ॅटॉस या गाडीचा चेहरा बदलून तिला भारतासाठी तयार केलं होतं. इंजिन ९९९ सीसी, चार सिलिंडर, बारा व्हॉल्व्ह, आणि पहिल्या दिवसापासून एमपीएफआय. म्हणजे पेट्रोल किती सोडायचं हे कार्ब्युरेटरऐवजी कॉम्प्युटर ठरवणार. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने दिल्ली परिसरात युरो मानकं लागू झाली आणि कार्ब्युरेटरचे दिवस भरले. सँट्रो त्या परीक्षेला अभ्यास करूनच आली होती.

मी तुलना करतोय ती या दोन मूळ रूपांची. नंतर झेनलाही एमपीएफआय मिळालं, डिझेल झेन निघाली, सँट्रोला १.१ लिटरचं इंजिन आलं, २००३ मध्ये सँट्रो झिंग आली. त्या सगळ्या नातेवाईकांना सध्या बाजूला ठेवू.

आता मजा बघा. दोन्ही गाड्या साधारण साडेतीन मीटर लांब. दोन्ही साधारण दीड मीटर रुंद. दोन्हींची टाकी ३५ लिटरची. दोन्हींना पुढच्या चाकांचा ड्राइव्ह. सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोघी एकाच आयतात बसतात. फरक आहे तो उंचीत. झेन साधारण १.४ मीटर, सँट्रो साधारण १.६. म्हणजे सुमारे २० सेंटिमीटर. शाळेतल्या पट्टीपेक्षाही कमी. या लेखात जे काही भांडण आहे ते या २० सेंटिमीटरवरून आहे.

ताकदीचं काय? झेन ५० हॉर्सपॉवर, सँट्रो ५५ च्या आसपास. वजन ढोबळमानाने झेनचं ७५० किलो आणि सँट्रोचं ८०० धरू. ६५ किलोचा एक माणूस बसवला, तर झेनच्या प्रत्येक घोड्याला ओढायचेत १६.३ किलो, आणि सँट्रोच्या घोड्याला १५.७. म्हणजे कागदावर काकांची गाडी किंचित पुढेच निघाली! हा आकडा कट्ट्यावर सांगा आणि शिव्या खा.

मग झेन पळते असं का वाटतं?

कारण वेग ही फक्त काट्यावरची गोष्ट नाही. ती डोळ्यांची आणि कमरेचीही गोष्ट आहे.

शिवनेरीच्या पहिल्या सीटवरून एक्स्प्रेसवे पाहिलाय? बस चांगली पळत असते, पण समोरचा रस्ता निवांत सरकत येतो. उलट गो-कार्टमध्ये बसा. चाळीसचा वेग असतो आणि अंगावर काटा येतो. डोळे जमिनीच्या जितके जवळ, तितका रस्ता वेगाने मागे पळताना दिसतो. आपला मेंदू वेग मोजताना किलोमीटरचा दगड बघत नाही, तो जमिनीवरच्या रेषा किती भराभर सुटतायत ते बघतो. झेनमध्ये तुम्ही खाली बसता, पाय पुढे पसरून. त्यामुळे साठचा वेग ऐंशीसारखा भासतो. सँट्रोमध्ये तुम्ही वर बसता आणि तोच साठ पन्नाससारखा वाटतो.

दुसरं कारण खरोखरचं आहे, भासाचं नाही. वळणावर गाडीला बाहेर ढकलणारं बळ तिच्या गुरुत्वमध्यावर काम करतं. तो जितका उंच, तितकी गाडी कलते. आता सँट्रोचं छत २० सेंटिमीटर वर आहे, याचा अर्थ गुरुत्वमध्यही तितकाच वर आहे असं नाही. इंजिन, गिअरबॉक्स, टाकी ही जड मंडळी दोन्हीकडे खालीच आहेत. वर गेलाय तो पत्रा, काच आणि माणसं. म्हणून एकटा ड्रायव्हर असताना सँट्रो वाटते तितकी डगमगत नाही. पाच माणसं भरली, की सव्वातीनशे किलो वजन वरच्या मजल्यावर चढतं आणि मग ती वळणावर कलंडल्यासारखी झुकते. झेनमध्ये तीच माणसं खाली बसतात. तिचा तोल फारसा बिघडत नाही.

तिसरी गोष्ट वाऱ्याची. रुंदी तीच आणि उंची जास्त, म्हणजे समोरून वारा अडवणारं क्षेत्रफळ सँट्रोचं ढोबळमानाने सातवा हिस्सा जास्त. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. चाळीसला तो जाणवत नाही, नव्वदला जाणवतो. आणि एक्स्प्रेसवेवर शेजारून कंटेनर गेला, की उंच सपाट कुशीवर वाऱ्याची थाप बसते. झेन मान खाली घालून निघून जाते.

त्यात झेनचं इंजिन हलकं आणि वर चढायला उत्सुक. तिसऱ्या गिअरमध्ये ओढत ठेवलं की ते खुलत जातं. आवाजही त्याला साजेसा, एकसंध. गिअरचा दांडा मनगटाच्या झटक्यात पडतो. या सगळ्याची बेरीज म्हणजे 'झेन पळते'. ही बेरीज खरी आहे. फक्त एक लक्षात घ्या, या बेरजेतली प्रत्येक संख्या गाडीतल्या एकाच सीटवर बसून मोजलेली आहे. उजवीकडची, पुढची.

पाट आणि खुर्ची

आता दुसऱ्या चार सीटांकडे जाऊ.

पाटावर बसलं की पाय पुढे पसरतात. खुर्चीवर बसलं की पाय खाली जातात. एवढं समजलं, की सँट्रोचं अर्धं इंजिनिअरिंग समजलं. माणूस ताठ बसला, तर त्याला लांबी कमी लागते. म्हणून तेवढ्याच साडेतीन मीटरमध्ये सँट्रोच्या मागच्या सीटवर मोठ्या माणसाचे गुडघे मावतात, आणि झेनच्या मागच्या सीटवर ते पुढच्या सीटच्या पाठीशी बोलत राहतात. सँट्रोचा व्हीलबेस चारेक सेंटिमीटर जास्त आहे खरा, पण हा फरक त्यातून आलेला नाही. तो उंचीतून आलाय. झेनचं छत मागे उतरत जातं. ती उतरती रेघ बाहेरून फार सुंदर दिसते. आत ती कोणाच्या तरी डोक्यावर येते.

ही युक्ती जपानची. तिथल्या 'केई' नावाच्या छोट्या गाड्यांच्या वर्गाला लांबी, रुंदी आणि इंजिन यांवर सरकारी मर्यादा आहेत. बाजूला वाढता येत नाही म्हटल्यावर तिथले इंजिनिअर वर गेले. सुझुकीची वॅगन आर जपानमध्ये याच विचारातून आली, १९९३ मध्ये. म्हणजे ज्या वर्षी आपल्याकडे सुझुकीची बुटकी झेन आली, त्याच वर्षी सुझुकीनेच तिकडे उंच डबा बाजारात आणला होता. आपल्याकडे तो डबा यायला १९९९ ची अखेर उजाडली, आणि तीही सँट्रोने रस्ता करून दिल्यावर.

पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती बसण्याची नाही, बसायला जाण्याची क्रिया. कुठल्याही बुटक्या गाडीत गुडघेदुखीचं माणूस कसं शिरतं ते कधी थांबून बघा. आधी दाराला पाठ करायची. एका हाताने दार, दुसऱ्याने सीट धरायची. मग देवाचं नाव घेऊन स्वतःला सोडून द्यायचं. धप्प. मग एक पाय हाताने उचलून आत घ्यायचा, मग दुसरा. साडी असेल तर तीही. उतरताना हाच सिनेमा उलटा, आणि या वेळी गुरुत्वाकर्षण विरोधी पक्षात. सँट्रोची सीट साधारण माणसाच्या कमरेशी येते. खाली पडायचं नाही, वर चढायचं नाही, फक्त सरकायचं. माझी आजी सँट्रोत बसायची तेव्हा कोणी हात द्यायला पुढे आलं तर चिडायची. 'मला येतं बसायला,' म्हणायची.

या वाक्याला परफॉर्मन्स म्हणायचं की प्रॅक्टिकॅलिटी? रिव्ह्यूच्या तक्त्यात ते 'इन्ग्रेस-इग्रेस: चांगलं' अशा एका ओळीत संपतं, आणि आपण शून्य ते शंभरच्या आकड्याकडे धावतो. शून्य ते शंभर आपण आयुष्यात किती वेळा करतो? गाडीत बसणं आणि उतरणं प्रत्येक फेरीत, प्रत्येक माणसाला करावं लागतं.

स्टेअरिंगचंही तसंच. सुरुवातीच्या झेनला पॉवर स्टेअरिंग नव्हतं. झेनच्या चाहत्यांना ते आवडतं, कारण पुढची चाकं काय करतायत ते तळहाताला कळतं. चालत्या गाडीत हे शंभर टक्के खरं आहे. पण मंडईबाहेर दोन रिक्षांच्या मध्ये गाडी घालताना तळहाताला कळणारी गोष्ट म्हणजे फक्त कष्ट. सँट्रोच्या वरच्या व्हेरियंटमध्ये पॉवर स्टेअरिंग होतं, ते एका बोटाने फिरायचं, आणि रस्त्याची खबर फारशी द्यायचं नाही. माझी आई त्या स्टेअरिंगवर गाडी शिकली, चाळिशी उलटल्यावर. उंच बसल्यामुळे बोनेट कुठे संपतं याचा तिला अंदाज यायचा, चौकात चारही बाजूंचं दिसायचं. ती पहिल्यांदा एकटी गाडी घेऊन कराडहून सांगलीला माहेरी गेली आणि संध्याकाळी परत आली, तेव्हा तिने आम्हाला अ‍ॅव्हरेज सांगितलं नाही आणि किती वेळात पोचली तेही नाही. ओगलेवाडीपासून कोणकोणत्या गाड्यांना ओव्हरटेक केलं ते सांगितलं.

म्हणजे मजा फक्त जमिनीलगत असते असंही नाही.

पाच माणसं, एसी आणि खंबाटकी

सॉफ्टवेअरमध्ये एक जुना विनोद आहे: माझ्या मशीनवर चालतंय. रिकाम्या मशीनवर, एकच युजर असताना, सगळंच चालतं. खरी परीक्षा प्रोडक्शनमध्ये, लोड आल्यावर. गाड्यांचे बहुतेक परफॉर्मन्सचे आकडे 'माझ्या मशीनवर' प्रकारातले असतात. एक-दोन सडपातळ माणसं, सपाट रस्ता, एसी बंद.

आपलं प्रोडक्शन म्हणजे मे महिना, पाच माणसं, डिकीत आंब्याची पेटी, आणि पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाट. परत येताना बोगदा असतो, जाताना मात्र चढच. मघाचंच गणित पुन्हा करू. पाच माणसं म्हणजे ३२५ किलो. आता झेनच्या प्रत्येक घोड्यावर २१.५ किलो आले, सँट्रोच्या घोड्यावर २०.५. दोन्हीकडे ओझं जवळजवळ एक तृतीयांशाने वाढलं. त्यात एसीचा कॉम्प्रेसर दोन-चार घोडे स्वतःसाठी नेतो. दोनशे घोड्यांच्या गाडीला हे कळत नाही. पन्नास घोड्यांच्या तबेल्यातून चार गेले, की कळतं.

इथे दोघींचे स्वभाव उघडे पडतात. झेनची ताकद वरच्या आरपीएममध्ये आहे. तिला घाटात खुश ठेवायचं तर खालचा गिअर, पाय दाबलेला, इंजिन ओरडतंय, आणि पुढचा ट्रक आडवा आला की लय तुटली. एकट्याने चढायला हे खूप मजेचं आहे. मागे आई-वडील, मध्ये झोपलेलं पोर आणि कोणाला तरी गाडी लागतेय, तेव्हा त्या ओरडण्याचा अर्थ बदलतो. सँट्रो माझ्या अनुभवात खालच्या आरपीएमला थोडी जास्त सोशिक वाटली. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये न कुरकुरता ओढत राहायची. वर पोचायची वेळ दोघींची बहुधा तीच. वर पोचल्यावर मागच्या सीटवरच्या माणसांचे चेहरे मात्र वेगळे.

अर्थात सँट्रोचा हिशोबही चोख नाही. वळणावर मागच्या सीटवर मधे बसलेला माणूस दोन्ही शेजाऱ्यांच्या मांडीवर आलटून-पालटून जातो. उंच बसल्याने डोकं जास्त हलतं, आणि ज्यांना गाडी लागते त्यांना ते नको असतं. डिकी दोघींचीही नावापुरती. पाच माणसं आणि पाच माणसांचं सामान ही गोष्ट दोन्ही गाड्यांनी कधी मान्यच केली नाही. रुंदी दीड मीटर असताना मागे तिघं बसवणं ही आपली जिद्द, गाडीचं आश्वासन नव्हे.

सुरक्षितता: आधी कोणाची?

या तुलनेत एक स्तंभ दोघींसाठी जवळजवळ रिकामा आहे. दोन्हींच्या साध्या व्हेरियंटमध्ये ना एअरबॅग, ना एबीएस. आजच्या मापाने दोघीही नापास, आणि 'जुन्या गाड्यांचा पत्रा जाड असायचा' या समजुतीवर जीव टाकू नका. साडेसातशे किलोच्या गाडीत जाड पत्रा कुठून येणार?

पण इथेही सीटचा प्रश्न सुटत नाही. आपल्याकडे नव्या गाड्यांना ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली जुलै २०१९ पासून. शेजारच्या सीटची एअरबॅग नव्या मॉडेल्सना सक्तीची व्हायला एप्रिल २०२१ उजाडलं. मागच्या सीटच्या बेल्टबद्दल देश गंभीरपणे बोलला तो सप्टेंबर २०२२ मध्ये, पालघरजवळच्या अपघातात सायरस मिस्त्री गेल्यावर. म्हणजे ज्या क्रमाने रिव्ह्यू लिहिले जातात, त्याच क्रमाने कायदाही जागा झाला: आधी ड्रायव्हर, मग शेजारचा, मग जमलं तर मागचे. गाडी कोणाची मानायची, हा प्रश्न नुसता आवडीनिवडीचा नाही म्हणतो तो यासाठी.

झेनची बाजू

इथवर वाचून 'म्हणजे सँट्रो जिंकली' असं वाटत असेल, तर थांबा. झेनची बाजू मला तितक्याच जोरात मांडायची आहे.

नव्वदच्या दशकातलं मध्यमवर्गीय घर डोळ्यासमोर आणा. त्या घरात येणारी प्रत्येक महागडी वस्तू सगळ्यांसाठी असते. फ्रिज सगळ्यांचा, टीव्ही सगळ्यांचा, सोफा पाहुण्यांचा. कोणी स्वतःच्या मजेसाठी मोठी रक्कम खर्च केली, तर त्याला 'चैन' म्हणतात आणि हा शब्द हसत उच्चारला जात नाही. अशा घरात झेन आली. तीही अर्थात सगळ्यांसाठी म्हणूनच आली. पण तिच्या रचनेत एक गुपित होतं. ही गाडी चालवणाऱ्याला, काहीही उपयोग नसताना, आनंद देत होती. ऑफिसातून घरी येताना लांबचा रस्ता घ्यावासा वाटेल असा आनंद. हे परवडणाऱ्या किमतीत, साध्या नोकरदार माणसाला मिळणं ही तेव्हा नवी गोष्ट होती.

हा आनंद कुठून आला? जास्त ताकदीतून नाही, ते गणित आपण केलं. तो आला कमी वजनातून. हलक्या गाडीत सगळंच सोपं होतं: ब्रेक छोटे चालतात, टायर अरुंद चालतात, पेट्रोल कमी लागतं, आणि तुम्ही केलेल्या प्रत्येक हालचालीला गाडी लगेच उत्तर देते. कोड लिहिणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. अनावश्यक काही नसलेला प्रोग्रॅम चालवताना जे समाधान मिळतं, ते झेनच्या स्टेअरिंगमागे मिळतं. कमीत कमी यंत्रात जास्तीत जास्त चालवणं, हा झेनचा मुद्दा आहे, आणि तो नुसता नॉस्टॅल्जिया नाही. उत्तम इंजिनिअरिंग आहे.

माझा आक्षेप झेनवर नाहीच. आक्षेप आहे तिच्या गुणाला 'परफॉर्मन्स' हे सर्वसाधारण नाव देऊन, सँट्रोच्या गुणाला 'प्रॅक्टिकल' म्हणून खालच्या रकान्यात ढकलण्यावर. परफॉर्मन्स म्हणजे पुरुषार्थ, प्रॅक्टिकल म्हणजे तडजोड. खरं तर दोन्ही परफॉर्मन्सच आहेत. झेन एका माणसासाठी परफॉर्म करते, सँट्रो उरलेल्या चौघांसाठी. आणि ते चौघं रिव्ह्यू लिहीत नाहीत.

शेवटी कोण जिंकलं?

दुकानाच्या हिशोबाने सँट्रो. मूळ झेनचं उत्पादन २००६ मध्ये थांबलं आणि तिचं नाव एका उंच गाडीला दिलं गेलं: झेन एस्टिलो. सँट्रो २०१४ पर्यंत टिकली. पुढे तर सगळा बाजारच उंच झाला. आज रस्त्यावर बघा, बुटकी गाडी शोधावी लागते.

पण सँट्रोचा विचार जिंकला का? मला तसं वाटत नाही. सँट्रोचा विचार होता तीच जागा व्यापून, फक्त वर जाऊन, माणसांना मोकळं बसवणं. काटकसरीचा विचार होता तो. २००६ च्या बजेटने चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनाच्या गाड्यांना करात सवलत दिली आणि कंपन्यांनी लांबी बरोबर त्या रेषेपर्यंत ताणली. मग रुंदी वाढली, बोनेट उंच झालं, वजन हजार किलोच्या पुढे गेलं. वाढलेल्या वजनातलं काही योग्य कारणासाठी आहे, एअरबॅग आणि मजबूत सांगाडा फुकट येत नाहीत. पण सगळं त्यासाठी नाही. आजच्या बऱ्याच छोट्या एसयूव्हींमध्ये आजीला पुन्हा हात द्यावा लागतो, या वेळी वर चढायला. त्यांची उंची गुडघ्यांसाठी नाही, रुबाबासाठी आहे. तीही ड्रायव्हरच्याच सीटवरून मोजलेली.

म्हणजे झेनचा हलकेपणा गेला आणि सँट्रोचा समजूतदारपणाही गेला. उरलं ते दोघींच्या मधलं काहीतरी, जे दोघींपेक्षा मोठं आहे आणि आपल्या गल्ल्या तेवढ्याच आहेत.

घ्यायची असेल तर

तुमच्यापैकी काहीजण यातली एखादी गाडी शोधत असणार, मला माहीत आहे. तर कामाचं थोडं. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन आपल्याकडे १५ वर्षांचं असतं, पुढे पाच-पाच वर्षांनी रीपासिंग. मूळ झेनचं उत्पादन २००६ ला थांबलं, त्यामुळे आज रस्त्यावर असलेली प्रत्येक झेन रीपासिंगवर असायला हवी. पहिल्या पिढीतल्या सँट्रोचंही तेच. आरसी बुकवरची तारीख इंजिनाच्या आवाजाआधी बघा. १ एप्रिल २०२२ पासून कारच्या रीपासिंगची फी ६०० रुपयांवरून ५,००० वर गेली, आणि महाराष्ट्रात १५ वर्षांवरच्या गाडीला पर्यावरण कर वेगळा. गाडीची किंमत सांगणारे हे खर्च सांगत नाहीत.

मग पत्रा. मॅट उचलून फ्लोअर बघा, दाराखालची पट्टी बोटाने दाबून बघा. इंजिनकाम होतं, गंज मात्र परत येतो. कार्ब्युरेटरवाली झेन घेणार असाल, तर आधी कार्ब्युरेटर जाणणारा मेस्त्री शोधा, मग गाडी. आजच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलचा विचार करून इंधनाचे जुने रबरी पाइप बदलून घ्या. सँट्रो घेणार असाल, तर वायरिंग आणि सेन्सर तपासून घ्या, कॉम्प्युटरवाल्या जुन्या गाडीचं दुखणं बहुतेक वेळा तिथे असतं.

एकटे असाल, रस्ता वळणांचा असेल आणि गाडी फक्त रविवारी काढायची असेल, तर झेन घ्या. घरात कोणाचे गुडघे दुखत असतील, किंवा कोणाला गाडी शिकायची असेल, तर सँट्रो घ्या, आणि तिला काकांची गाडी म्हणणाऱ्यांना एकदा काकूंना विचारून यायला सांगा.

आणि टेस्ट ड्राइव्हला जाल तेव्हा चावी लगेच घेऊ नका. आधी मालकाला चालवू द्या, तुम्ही मागे बसा. डावीकडे, काच खाली करून, अर्धा तास. खड्ड्यांतून, चौकातून, एखाद्या उड्डाणपुलावरून जाऊन या. मग एकदा उतरा, पुन्हा बसा. त्यानंतर पुढे या आणि स्टेअरिंग हातात घ्या.